मधला नट

गडहिंग्लजकडच्या एका बागायतदारांची 1951 ची जीप गेल्या महिन्यात माझ्या गॅरेजमध्ये आली, तेव्हा तिच्याबरोबर तीन कार्बुरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारे भाग, आले. एक इंजिनावर बसवलेला आणि दोन पिशवीत. तक्रार एकच होती, की गाडी स्लो धरत नाही, म्हणजे एक्सिलरेटर सोडला की इंजिन बंद पडते. दोन वर्षांत तीन ठिकाणी दाखवून झाले होते आणि प्रत्येकाने कार्बुरेटर बदलून पैसे घेतले होते. मुलीच्या लग्नाची वरात याच जीपमधून काढायची असल्यामुळे त्यांच्याकडे आठ दिवस होते.

चोक, म्हणजे कार्बुरेटरची हवा कमी करणारी झडप, अर्धा ओढला की इंजिन शहाण्यासारखे चालत होते आणि चोक आत ढकलला की धापा टाकत बंद पडत होते. प्लग काढले तर पांढरे फटक. म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होत होती, बहुधा नको तिथून आत शिरत होती. इंजिनाची हवेची ओढ पाऱ्याच्या इंचांत दाखवणारे व्हॅक्यूम गेज लावले तर काटा 13 इंचांवर. पुस्तकात 18 ते 20 इंच असते. पण ते समुद्रसपाटीचे. कोल्हापूर साडेपाचशे मीटर उंच असल्यामुळे आमच्याकडे दीड-दोन इंच सोडून द्यावे लागतात, हे गेज विकणारा कधी सांगत नाही. तेव्हा 13 म्हणजे नक्कीच गळती. एक्झॉस्ट तापण्याआधी मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या बिडाच्या नळ्यांच्या, सांध्यांवर कार्ब क्लीनरचा हलका फवारा मारत गेलो आणि मागच्या टोकाला इंजिनाचा आवाज बदलला. दोन वर्षे चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती.

ही जीप सीजे-थ्री-ए, म्हणजे साइड व्हॉल्व्हच्या जुन्या 'गो-डेव्हिल' इंजिनाची, 2199 सीसीची. या इंजिनात व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकमध्ये असतात, त्यामुळे हवा-पेट्रोल आत नेणारा इनलेट आणि धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट हे दोन्ही मॅनिफोल्ड ब्लॉकच्याच डाव्या अंगाला बसतात. शिवाय ते एकमेकांनाही मध्यभागी चार बोल्टांनी जखडलेले असतात, कारण एक्झॉस्टच्या उष्णतेने इनलेटचा तळ तापून पेट्रोलची वाफ व्हावी अशी योजना आहे. योजना उत्तम, पण एक भाग लालबुंद होणारा आणि दुसरा गार हवा ओढणारा, असे दोन बिडाचे तुकडे एकत्र बांधले की सत्तर वर्षांत त्यांची तोंडे एका पातळीत राहत नाहीत. पुढच्या 'हरिकेन' इंजिनात इनलेट हेडमध्येच ओतल्यामुळे हा प्रश्नच मिटला.

डाव्या बाजूचे मडगार्ड उतरवल्याशिवाय या कामाला हात घालू नये. वरून वाकून पाना चालवणाऱ्याला नटाचे डोके दिसत नाही आणि पाना घसरला की बोटांची सालपटे निघतात. स्टड, म्हणजे ब्लॉकमध्ये रोवलेले आट्यांचे दांडे, तीन सुताचे (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), नटांना नऊ-सोळांश इंचाचा पाना लागतो. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ गंज सोडवणारे तेल सोडले, मग प्रत्येक नट गॅसने तापवून, लाली उतरल्यावर त्याला मेणबत्ती टेकवली. वितळलेले मेण आट्यांत आपोआप ओढले जाते. मग पाव फेरा सैल, पुन्हा थोडा घट्ट, पुन्हा सैल, अशा चालीने बाकीचे सगळे नट आले. राहिला मधला. तो कार्बुरेटरच्या खाली असल्यामुळे तिथे ज्योत नीट पोचत नव्हती आणि तेलसुद्धा अंदाजानेच सोडलेले होते.

माझ्याकडे काम शिकणारा पोरगा म्हणाला, "मिस्त्री, ह्याला आजची रात्र राहू द्या की." मी त्याला म्हटले की बाकीचे आले तसा हाही येईल. दिवस तिसरा होता आणि दुपारी मालकांचा फोन येऊन गेला होता.

नट सुटताना पान्याला एक कोरडा झटका बसतो, कर्र असा आवाज होतो. स्टड पिळायला लागला की मात्र पाना मऊ होतो. नट फिरतो आहे असे वाटते, पण हाताखाली काहीतरी ताणल्यासारखे जाणवते. हा फरक मी वीस वर्षे पोरांना शिकवत आलो आहे. मला तो मऊपणा कळला होता, हे इथे लिहिणे भाग आहे. मी थांबलो नाही. स्टड ब्लॉकच्या तोंडापासून एक सूत आत तुटला.

त्यापुढचे दीड दिवस त्या एका सुताचे. तुटक्या टोकावर वेल्डिंगने नट जोडण्याचा प्रयत्न दोनदा फसला. तुटका स्टड पिळून काढायचा इझी-आउट मी वापरत नाही. तो आत तुटला तर त्याच्यापुढे कोणताही ड्रिल हात टेकतो. शेवटी पंधरा मिलीमीटर जाडीची पट्टी घेऊन शेजारच्या दोन स्टडांवर अडकवली, तिच्यात नेमक्या जागी लेथवर काढलेला बुश बसवला आणि त्याच्यातून आधी एक सुताचा, मग दोन सुताचा, मग अडीच सुताचा ड्रिल उतरवला. पलीकडे ब्लॉकची भिंत किती जाड आहे हे दिसत नसल्यामुळे ड्रिलवर खोलीची खूण म्हणून चिकटपट्टी गुंडाळली होती. अडीच सुताचे भोक मधोमध पडले, तर जुन्या स्टडची आट्यांपुरती साल उरते आणि ती सुईने उकलून स्प्रिंगसारखी बाहेर काढता येते. तशी ती निघाली. टॅप फिरवल्यावर मूळच्या आट्या जशाच्या तशा होत्या. हे काम चांगले झाले, याबद्दल मला संकोच नाही.

मॅनिफोल्डच्या तोंडावर आधीच्या कोणीतरी सिलिकॉनचा असा थर दिला होता की त्याच्या वळ्या इनलेटच्या भोकात लोंबत होत्या. एक्झॉस्टच्या तापमानाला ते सिलिकॉन जळून राख होते, हे ठाऊक नसलेला माणूस पाना हातात घेतो याचेच नवल वाटते. सरळ पट्टी टेकवून फिलर गेज घातले, तर मागच्या टोकाला वीस थाऊ, म्हणजे इंचाचे वीस हजारांश, सहज आत गेले. दोन्ही मॅनिफोल्ड एकमेकांना जोडून, जोडलेल्या अवस्थेतच कोल्हापूरच्या उद्यमनगरात फेसिंगला, म्हणजे तोंडे घासून सपाट करायला, दिले. वेगवेगळे घासून मग जोडले तर सगळी मेहनत पाण्यात जाते. तिथल्या कारागिराने मी सांगण्याआधीच ते विचारले, त्यामुळे त्याच्याकडेच मी दहा वर्षे जातो.

बसवताना मधले चार बोल्ट पुन्हा सैल केले, नव्या गॅस्केटसह दोन्ही मॅनिफोल्ड ब्लॉकवर चढवले, पितळी नट मधून टोकांकडे तीन फेऱ्यांत आवळले आणि सगळ्यात शेवटी ते चार बोल्ट घट्ट केले. इंजिन तापवून, पूर्ण गार होऊ देऊन पुन्हा एकदा पाना फिरवला. काटा साडेसतरावर स्थिर उभा राहिला. कार्बुरेटर पिशवीतला मूळचा, कार्टर कंपनीचाच बसवला.

बिलात 'तुटलेला स्टड काढून नवा बसवणे' अशी वेगळी ओळ घालून मी 1,800 रुपये लावले. मालकांनी ती वाचली आणि म्हणाले, "जुनं लोखंड, तुटायचंच." मी मान हलवली. पोरगा शेजारीच मडगार्डचे बोल्ट आवळत होता. त्याने वर पाहिले नाही.

गाडी गेल्यावर तो मधला नट मी शिकंज्यात धरून करवतीने उभा कापला. बाहेरच्या बाजूच्या चार आट्या तेलाने काळ्या आणि ओल्या होत्या, आतल्या लाल आणि कोरड्या. आणखी एका रात्रीत तेल तिथवर पोचले असते की तिथेच थांबले असते, हे त्या दोन अर्ध्या तुकड्यांवरून कळत नाही. ते अजून टेबलावर आहेत.