हॉस्पिसला हलवायचं ठरलं की

सोमवार

“आता घरी न्या, सेवा करा.” कॅन्सरच्या डॉक्टरांकडून एवढं ऐकून घरचे ओपीडीतून बाहेर पडतात आणि एकमेकांना विचारतात, म्हणजे उपचार बंद? बंद होते ती केमो, कारण आता गाठीपेक्षा माणसालाच ती जास्त खायला लागलेली असते. दुखणं, धाप, उलट्या, जखमेचा वास, रात्ररात्र झोप नसणं, यांवरचे उपचार इथून पुढे उलट वाढतात. हॉस्पिस हे त्यासाठीचंच ठिकाण. वांद्र्याला माउंट मेरीच्या टेकडीवर शांती अवेदना सदन १९८६ पासून चालू आहे, देशातलं ते पहिलं. त्यांचीच शाखा गोव्यात लोटलीला आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून आहे. या ठिकाणी कॅन्सरच्या पेशंटकडून पैसे घेत नाहीत, हे अजून कितीतरी घरांना माहीतच नसतं.

माहीत असणारेही उशिरा येतात. आड येतं ते एकच वाक्य: “लोक म्हणतील, आईला नेऊन टाकली.” त्या वाक्यापायी आठवडे जातात, आणि मग आई येते ती बोलणं थांबल्यावर, पाठीला हाडापर्यंत जखम झाल्यावर. मॉर्फिनचा, म्हणजे तीव्र दुखण्यावरच्या औषधाचा, डोस बसवायलाच दोन-तीन दिवस लागतात. शेवटचे दोनच दिवस हातात असतील तर डोस बसेपर्यंत वेळ संपलेली असते. म्हणून मला ठामपणे वाटतं, की ‘पुढची केमो झेपणार नाही’ हे पहिल्यांदा कानावर पडेल त्याच दिवशी हॉस्पिसला फोन करावा. चौकशी केली म्हणजे भरती केली असं होत नाही. आणि गेलेला माणूस परत येतच नाही असंही नाही. दुखणं आटोक्यात आलं, घरच्यांना ड्रेसिंग आणि औषधं देणं जमायला लागलं, की बरेच जण घरी जातात. पुन्हा त्रास वाढला तर पुन्हा येतात.

मंगळवार

कागद. बायोप्सीचा रिपोर्ट, शेवटचा स्कॅन, डिस्चार्ज कार्ड, चालू औषधांची यादी, पेशंटचं आणि नातेवाइकाचं आधार. सगळ्यात महत्त्वाचं, उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं पत्र: आजार कुठवर गेला आहे आणि आता पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे त्रास कमी करणारी शुश्रूषा, हवी. हे पत्र नसल्यामुळेच सर्वांत जास्त खेटे पडतात.

फोनवर विचारायचं ते स्पष्ट विचारावं. सोबत कुणी राहायचं की नाही? काही ठिकाणी एका नातेवाइकाने राहावंच लागतं, काही ठिकाणी फक्त भेटायच्या वेळा असतात. रात्री डॉक्टर असतात का? नाकातली नळी, ट्रकिऑस्टॉमी (श्वासासाठी गळ्याला पाडलेलं भोक), ऑक्सिजन असलेला पेशंट घेतात का? कॅन्सर सोडून किडनी, पार्किन्सन, पक्षाघात असेल तर घेतात का? यावर पुष्कळदा ‘नाही’ असं उत्तर येतं. अशा वेळी मोठ्या रुग्णालयाच्या पॅलिएटिव्ह विभागाची घरी येणारी टीम आहे का ते बघावं.

परदेशातल्या मुलाला आजच कळवावं. “तो येईपर्यंत कसंही करून टिकवा” या एका मागणीपायी शेवटचे दिवस व्हेंटिलेटरवर गेलेली माणसं थोडी नाहीत. आई बोलतेय तोवर त्याने यावं. आल्यावर काय करायचं ते तिचं तिला सांगता येईल.

तिची इच्छाही कागदावर यावी. व्हेंटिलेटर नको, हृदय थांबल्यावर छाती दाबणं नको, असं आधी लिहून ठेवायला सुप्रीम कोर्टाने २०१८ साली मान्यता दिली. जानेवारी २०२३ मध्ये त्याची रीत सोपी झाली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही. आपल्या वतीने कुणी निर्णय घ्यायचा त्यांची नावंही त्यातच लिहायची. अर्थात हे सगळं माणूस शुद्धीवर असेपर्यंतच.

मंगळवार, रात्री

“बाबांना काही सांगू नका, खचून जातील.” हे जवळजवळ प्रत्येक घर म्हणतं, आणि मायेपोटीच म्हणतं. पण बाबांना बहुतेक कळलेलं असतं. मुलांना त्रास नको म्हणून तेही गप्प असतात, आणि एकाच खोलीत सगळे एकमेकांपासून तीच गोष्ट लपवत बसतात. सगळं एकदम सांगायची गरज नसते. “बाबा, तब्येतीबद्दल तुम्हाला काय वाटतंय?” एवढं विचारून थांबावं. ते बोलले की त्यांनी जेवढं विचारलं तेवढंच, खरं, सांगावं. नको म्हणाले तर नको. मात्र “दुसऱ्या इस्पितळात कोर्स करायला नेतोय” असं खोटं सांगून हॉस्पिसला नेऊ नये. तिथे पोचल्यावर शेजारचे पेशंट बघून पहिल्याच तासात ते उघडं पडतं, आणि मग पुढच्या कुठल्याच शब्दावर त्यांचा विश्वास बसत नाही.

बुधवार

मॉर्फिनचं नाव काढलं की घरात शांतता पसरते. “म्हणजे शेवटचं औषध का?” नाही. सवय लागेल ही दुसरी भीती. दुखण्यासाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेणाऱ्याला व्यसन लागतं असं सहसा दिसत नाही. दुखणं वाढलं की डोस वाढतो, एवढंच.

ही गोळी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. नार्कोटिक्स कायद्याखाली मान्यता असलेल्या संस्थांमधूनच मिळते. २०१४ च्या दुरुस्तीने परवान्यांची गुंतागुंत पुष्कळ कमी झाली, तरी गावाकडे मैलोन्‌मैल हे औषध नाही. म्हणून निघण्याआधी पुढच्या भेटीपर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या हातात आहेत का ते मोजून घ्यावं.

देण्याची रीत घड्याळावर असते, दुखण्यावर नव्हे. साधी गोळी चार तास पुरते: सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, आणि रात्री १० ला दुप्पट, म्हणजे मध्यरात्री २ ला उठवावं लागत नाही. मधेच कळ आली तर एक जादा डोस, तोही डॉक्टरांनी लिहून दिलेला, आणि तो दिल्याची वेळ वहीत. दिवसात तीन-चार जादा डोस लागत असतील तर मूळ डोस कमी पडतोय, ती वही डॉक्टरांना दाखवायची. गडबड होते ती इथे: घरचे ‘फार दुखलं तरच’ देतात. मग प्रत्येक वेळी दुखणं पार वर चढल्यावर गोळी पोटात जाते आणि “या गोळीने काही होत नाही” असं ठरतं.

पहिले दोन-तीन दिवस गुंगी आणि मळमळ असते, ती पुष्कळांची ओसरते. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही. म्हणून मॉर्फिनच्या पहिल्या गोळीबरोबरच पोट साफ होण्याची गोळी सुरू व्हायला हवी. इथे इसबगोल देऊ नये. पेशंट पाणी कमी पितो, इसबगोल आतच फुगून घट्ट बसतं आणि वाट अडवतं. आणखी एक फसवी गोष्ट: चार-पाच दिवस शौच नाही आणि मग थोडं थोडं पातळ गळायला लागतं. घरचे जुलाब झाले समजून औषध थांबवतात. खरं तर आत शौचाचा कडक खडा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पाणी झिरपतं. नर्सला बोलवावं, आत तपासून घ्यावं.

हाक मारली तरी न उठणं, श्वास मिनिटाला आठच्या खाली जाणं, हातापायांना झटके येणं, यातलं काहीही दिसलं तर पुढचा डोस थांबवून लगेच फोन. किडनी कमी चालत असेल तर हे लवकर होतं. दुखणं कमी करायला कातडीवर चिकटवायची औषधाची पट्टी, म्हणजे पॅच, लावला असेल तर तो कापू नये, त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नये (उष्णतेने औषध एकदम आत जातं), आणि नवीन पॅचचा असर चढायला बारा ते चोवीस तास लागतात हे लक्षात ठेवावं.

शुक्रवार

प्रत्यक्ष हलवायचा दिवस. निघण्याआधी पाऊण तास मॉर्फिनचा डोस, डॉक्टरांना विचारून जादाचा. पेशंटला काखेत धरून ओढू नये. खाली दुहेरी चादर सरकवून चौघांनी चार कोपरे उचलावेत. लघवीची पिशवी आधी रिकामी करावी आणि ती कायम कमरेच्या खाली राहील असं बघावं. स्ट्रेचरवर पोटावर ठेवली की लघवी उलटी फिरते. लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतं का, हे आदल्या दिवशीच बघून ठेवावं. जुन्या इमारतींतून बहुधा खुर्चीत बसवूनच उतरवावं लागतं.

तोंडाचा कॅन्सर आपल्याकडे तंबाखू, मशेरी, गुटख्यामुळे घरोघरी पोचलेला. गालाला भोक पडलेलं असेल तर वासाने पेशंट स्वतःच माणसं टाळतो, आणि ते बघवत नाही. त्यावर उपाय साधा आहे. पट्टी कोरडी असताना खेचू नये. अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ टाकून त्या पाण्याने भिजवून सोडवावी. जखम त्याच पाण्याने धुवावी आणि डॉक्टर सांगतील तेवढी मेट्रोनिडाझोलची (वास करणारे जंतू मारणाऱ्या औषधाची) गोळी बारीक कुटून ती पूड जखमेवर भुरभुरावी. काही दिवसांत वास इतका कमी होतो की नातवंडं पुन्हा जवळ येऊन बसतात. माशी बसू देऊ नये, दिवसाही मच्छरदाणी. मानेची जखम मोठ्या शिरेजवळ असेल तर गडद रंगाचे, मरून किंवा काळे, दोन टॉवेल हाताशी असावेत. अचानक रक्त आलं तर दाबून धरायला, आणि पांढऱ्या चादरीवरचं लाल पाहून पेशंट घाबरू नये म्हणूनही.

शनिवार

आज जेवणाबद्दल, कारण घरातलं सगळ्यात मोठं भांडण यावरूनच होतं. “खात नाही म्हणून अशक्त झाल्या” असं म्हणतात. असतं उलटं: शरीर बंद होत चाललंय म्हणून भूक गेलेली असते, आणि आत गेलेलं अन्न अंगी लागत नाही. बळेबळे भरवलं की ठसका, उलटी, कधी अन्न श्वासनलिकेत. मऊ भात, पेज, आंब्याचा रस, जे मागतील ते दोन चमचे, पाठ टेकवून उठवून बसवून, आणि नंतर अर्धा तास तसंच बसवून. शेवटच्या दिवसांत सलाइन लावलं तर ते पायांच्या सुजेत आणि छातीत साठतं, धाप वाढते.

तहान लागते असं वाटतं ते बहुतेक कोरडं तोंड असतं. अर्धा लिटर पाण्यात एक चमचा खायचा सोडा, त्यात बोटाला गुंडाळलेलं गॉज बुडवून दर दोन तासांनी हिरड्या, जीभ, टाळू हलक्या हाताने पुसावी. जिभेवर दह्यासारखा पांढरा थर असेल तर ती बुरशी, औषधाने जाते. गिळता येत असेल आणि तोंडात जखम नसेल तर कोकम सरबताचा बर्फ चमच्याने फोडून चघळायला द्यावा. याने मिळणारा आराम सलाइनच्या बाटलीने मिळत नाही.

रविवार

शेवटचे दिवस ओळखता येतात. लघवी कमी आणि गडद होते, हातपाय गार, गुडघ्यांवर निळसर जाळी, श्वास थांबतो आणि वीस-तीस सेकंदांनी पुन्हा सुरू होतो. घशात घरघर येते. ऐकणाऱ्याला ती असह्य होते, पण गुंगीतल्या माणसाला तिचा त्रास होत असावा असं दिसत नाही. कुशीवर वळवावं, डोकं थोडं उंच ठेवावं. स्राव कमी करायचं इंजेक्शन असतं. घशात नळी घालून ओढायचा आग्रह मात्र धरू नये, त्याने ओकारी येते आणि स्राव वाढतो.

गंगाजळ द्यायचं असेल तर गिळणं थांबलेल्याला चमच्याने घालू नये, ते फुप्फुसात जातं. बोट बुडवून ओठ ओले करावेत. तुळशीचं पान ओठांवर टेकवावं, तोंडात प्राण गेल्यानंतर. बहुतेक हॉस्पिसमध्ये हे करू देतात, आधी सांगून ठेवावं.

घरी मृत्यू झाला तर डॉक्टरांचा मृत्यूच्या कारणाचा दाखला लागतो, त्याशिवाय स्मशानात अडतं. रात्री तीन वाजता ओळखीचा नसलेला डॉक्टर तो देत नाही, म्हणून फॅमिली डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं: अवेळी याल का? हॉस्पिसमध्ये हा दाखला तिथेच मिळतो. नोंदणी २१ दिवसांत. पेसमेकर असेल तर दहनाआधी काढायला सांगावं, आगीत तो फुटतो. नेत्रदान करायचं असेल तर सहा तासांच्या आत. पापण्या मिटून त्यावर ओला कापूस, डोक्याखाली उशी, पंखा बंद. बहुतेक कॅन्सरमध्ये बुबुळं चालतात, रक्ताच्या कॅन्सरमध्ये नाही.

उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या कपाटात ठेवू नयेत, आणि शेजारच्या दुखणाऱ्या गुडघ्याला तर मुळीच देऊ नयेत. मोजून, ज्या संस्थेने दिल्या तिथे परत कराव्यात. तेराव्याच्या आत कुणीतरी एकाने हे काम आपल्याकडे घ्यावं.