लाल चिखल, गाडीची डिकी आणि ताडपत्रीची पिशवी

माझी मुलगी फुटबॉलच्या संघात गोलरक्षक आहे. मैदानावर बाकीच्या मुली धावतात, घसरतात, क्वचित पडतात. गोलरक्षकाला मात्र पडण्याचाच सराव करावा लागतो, आणि पावसाळ्यात रत्नागिरीच्या मैदानावर पडणे म्हणजे काय, हे ज्याने तिथला चिखल धुतला आहे त्यालाच नीट कळेल. सराव संपला की तिचे बूट, मोजे, शिनगार्ड, हातमोजे, दोन चेंडू आणि निथळणारी जर्सी हे सगळे आमच्या छोट्या गाडीच्या डिकीतून घरी येते. गाडीची नासाडी न होता हे सामान आणायचे कसे, या प्रश्नाचे उत्तर मिळायला मला जवळपास वर्ष लागले. संघातल्या इतर मुलींचे पालक आता माझ्या पिशवीची चौकशी करतात, म्हणून ती कशी झाली ते सविस्तर लिहीत आहे.

आमच्याकडची माती जांभ्याची. जांभा दगडात लोह आणि ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे भरपूर असतात, आणि लोहाच्या ऑक्साइडामुळेच त्या मातीला तो लालभडक रंग येतो. ती भिजली की तिचे अगदी बारीक कण पाण्यात तरंगत राहतात, पाणी जिथे झिरपेल तिथे तेही झिरपतात, आणि पाणी उडून गेल्यावर धाग्यांमध्ये घट्ट बसतात. वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस जिथे पडतो तिथे खेळाचे सामान कोरडे घरी येईल ही अपेक्षाच व्यर्थ आहे. त्यामुळे गाडीत नेण्याच्या पिशवीने चिखल अडवण्यापेक्षा चिखलाचे पाणी अडवले पाहिजे, ही गोष्ट मला फार उशिरा उमगली.

गेल्या जुलैत चिपळूणला सामना होता. रत्नागिरीपासून अंतर साधारण ९० किलोमीटर. परतताना पावसाने संगमेश्वरापासून जी झोड उठवली ती हातखंब्यापर्यंत थांबली नाही. सामान मी दुकानातून मिळणाऱ्या मोठ्या काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत, एकात एक घालून, बांधून ठेवले होते. बुटांच्या स्टडनी, म्हणजे तळाच्या टणक खुंट्यांनी, दोन्ही पिशव्या फाडल्या हे मला घरी पोहोचल्यावर कळले. वरवर पुसून मी डिकी बंद केली आणि विषय संपला असे समजले. आठवड्याभराने गाडीत कुबट वास येऊ लागला. मागच्या सीटच्या पट्ट्यांवर पांढरट बुरशी दिसली, तेव्हा डिकीतला गालिचा उचलून पाहिला. स्टेपनीच्या खड्ड्यात बोटभर तांबडे पाणी साचले होते, जॅकचा स्क्रू गंजून आवळला होता, आणि गालिच्याखालचा फेल्टचा थर पिळला तर पाणी गळेल इतका ओला होता. त्या खड्ड्याच्या तळाशी रबराचे बूच असते. ते काढून पाणी सोडता येते हे गॅरेजवाल्याने दाखवले. फेल्ट वाळायला पंखा लावून चार दिवस लागले.

पाऊस उघडला की संघाचा सराव रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत होतो. तिथला त्रास वेगळा आहे आणि माझ्या मते तो चिखलापेक्षाही वाईट आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि पाणी सुकले तरी ते जागचे हलत नाहीत. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतून पाणी ओढून घेऊन विरघळू लागते. आमच्या किनाऱ्यावर ही पातळी कित्येक महिने सहज ओलांडली जाते. म्हणजे खाऱ्या पाण्याने एकदा भिजलेली सीट गोड्या पाण्याने धुतल्याशिवाय पुरती वाळतच नाही, आणि तिच्याखालचे नटबोल्ट वर्षातला मोठा काळ ओलाव्यात राहतात. खारे पाणी गाडीच्या कापडाला मुळात लागूच न देणे हाच त्यावर खरा इलाज आहे.

मग मी ऑनलाइन एक पिशवी मागवली. तिच्यावर ‘वॉटरप्रूफ’ असे लिहिले होते आणि कापड ‘६००डी’ असल्याचे ठळकपणे सांगितले होते. या ‘डी’चा, म्हणजे डेनिअरचा, पाण्याशी काहीही संबंध नाही. ९,००० मीटर लांबीच्या धाग्याचे ग्रॅममध्ये जेवढे वजन भरते तेवढा त्याचा डेनिअर. त्यावरून धागा किती जाड हे कळते, पाणी अडेल की नाही ते कळत नाही. पाणी अडवतो तो कापडाच्या आतल्या बाजूचा पातळ लेप. स्वस्त पिशव्यांत हा लेप बहुधा पॉलियुरेथेनचा असतो आणि त्याचे काही प्रकार उष्ण, दमट हवेत पाण्याशी संयोग पावून हळूहळू विघटित होतात. माझ्या पिशवीचेही तेच झाले. पाचव्या महिन्यात आतली बाजू हाताला चिकट लागू लागली आणि मग तिचे पापुद्रे सुटू लागले. तिची धातूची चेन तर त्याआधीच खाऱ्या हवेने हिरवट पडून अडकली होती. पिशवी बनवणाऱ्यांनी कोकणातला दमटपणा डोळ्यांसमोर ठेवलेला नव्हता, एवढेच मी म्हणेन.

त्यानंतर घरीच एक प्रयोग केला. जुने फ्लेक्स आमच्याकडे लाकडांवर, कौलांवर, मांडवावर सगळीकडे पांघरलेले असतात, कारण त्या कापडावर पीव्हीसीचा लेप असतो आणि पाणी त्यातून जात नाही. अशा एका फ्लेक्सची पिशवी मी शिवून घेतली. पाणी कापडातून गेले नाही, शिवणीतून गेले. आणि दोन महिन्यांत घड्यांवर लेपाला चिरा पडल्या. फ्लेक्स ताणून लावण्यासाठी बनवलेला असतो, रोज दुमडण्यासाठी नव्हे.

शेवटी मी टेम्पोची हुडे शिवणाऱ्या एका कारागिराकडे गेले. त्यांच्या दुकानात जाड ताडपत्रीचे गठ्ठे, पितळी रिंगा आणि एक जुने, दणकट शिलाई मशीन. मी आणलेली गळकी पिशवी त्यांनी उलटी केली, तळाच्या शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “ताई, सुई गेली की भोक राहणारच. पाणी जिथे साचतं तिथे सुई घालायचीच नाही.” त्या एका वाक्यावर पुढचे सगळे काम उभे राहिले.

त्यांनी तळ आणि त्याला लागून १५ सेंटिमीटर उंचीच्या भिंती एकाच अखंड तुकड्यातून केल्या. कोपरे कापले नाहीत, दुमडले. पानांचा द्रोण लावताना आपण हेच करतो: पान न फाडता त्याला चुण्या घालायच्या आणि काडी टोचायची ती कडेला, आमटीच्या पातळीच्या वर. पिशवीच्या चारही कोपऱ्यांच्या घड्या बाहेरच्या बाजूला वळवून वरच्या कडेलाच टाके घातले आहेत, त्यामुळे खालच्या १५ सेंटिमीटरांत सुईचे एकही भोक नाही. वरच्या भिंती पॉलिस्टरच्या दोऱ्याने शिवल्या. सुती दोरा आमच्या हवेत कुजतो. या शिवणींवरही आतून त्याच कापडाची पट्टी गरम हवेच्या यंत्राने चिकटवली आहे. मी पाहत असताना त्यांनी एका हाताने यंत्राचे तोंड दोन थरांच्या मध्ये धरले आणि दुसऱ्या हाताने लहानसा रबरी रूळ मागोमाग दाबत नेला. पीव्हीसी क्षणभर चकाकते, त्याच क्षणी दाबले तर दोन थर एकजीव होतात, उशीर झाला तर सुटतात.

कापड ६५० जीएसएमचे आहे, म्हणजे एका चौरस मीटरला ६५० ग्रॅम वजनाचे, दोन्ही बाजूंनी पीव्हीसीचा लेप असलेले. रंग मी मुद्दाम फिकट राखाडी घेतला, कारण गडद रंगात आत राहिलेला चिखल दिसत नाही. लांबी ७५, रुंदी ४० आणि उंची ३५ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे १०५ लिटर जागा. स्टडसाठी तळाला आतून त्याच कापडाचा दुसरा सुटा थर टाकला आहे. तो झिजला की बदलता येतो. चेन लावलीच नाही. पिशवीचे तोंड तीन वेळा गुंडाळून दोन्ही टोकांना प्लास्टिकची बकले लावायची. तीन घड्या पडल्या की पिशवी आडवी झाली तरी पाणी बाहेर येत नाही, आणि वाळूने अडकेल असे काही राहतही नाही. वेल्क्रोचा विचार मी आधीच सोडला होता, कारण एकदा चिखल भरला की त्याचे आकडे धरत नाहीत.

आणखी एक गोष्ट मला स्वतःला सुचली आणि ती फार उपयोगी ठरली. मिरकरवाडा बंदरावर नायलॉनच्या जाळ्याचा एक जुना तुकडा मिळाला. तो पिशवीच्या आत, तळापासून चार बोटे वर, हुकांवर झोळीसारखा टांगला. सामान या झोळीत राहते, पाणी आणि वाळू खाली गळते, आणि घरी पोहोचल्यावर झोळीसकट सामान उचलून पडवीत अडकवता येते. खाली उरलेले तांबडे पाणी माडाच्या आळ्यात ओतते; भाट्याहून आणलेले खारे पाणी मात्र गटारात.

ही पिशवी बंद असते ती फक्त प्रवासापुरती, हा नियम घरात सर्वांनी पाळावा असा माझा आग्रह आहे. जे कापड पाणी बाहेर सोडत नाही ते ओलावाही सोडत नाही, आणि घामाने भिजलेले सामान रात्रभर त्यात राहिले तर सकाळी येणारा वास कोणत्याही साबणाला दाद देत नाही. घरी आल्यावर बुटांतले सुटे तळवे काढायचे, आत वर्तमानपत्राचे बोळे भरायचे, झोपण्यापूर्वी ते एकदा बदलायचे आणि पंख्याखाली ठेवायचे. चुलीजवळ किंवा हीटरपुढे ठेवले तर तळव्याचा डिंक सुटतो. गोलरक्षकाच्या हातमोज्यांच्या तळहातावर लॅटेक्सचा फोम, म्हणजे स्पंजासारखा मऊ थर, असतो. तो कोमट पाण्यात हाताने दाबून धुवायचा, पिळायचा नाही, आणि सावलीतच वाळवायचा. जर्सीवरच्या लाल डागांना ब्लीच लावू नये, लोहाचा डाग त्याने पक्का होतो.

भातलावणीच्या दिवसांत मला याहून मोठी काळजी वाटते ती लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या आजाराची. उंदराच्या मूत्रातून येणारे त्याचे जिवाणू ओल्या मातीत आठवडेच्या आठवडे टिकतात, पण कोरडेपणात फार काळ तग धरत नाहीत. म्हणून ओले, चिखलाचे सामान गाडीत किंवा घराच्या कोपऱ्यात तसेच पडून राहणे मला धोक्याचे वाटते. मुलीच्या गुडघ्याला किंवा कोपराला खरचटलेले असेल तर ते सामान मीच धुते, रबरी हातमोजे घालून.

पीव्हीसीलाही उन्हाची भीती असते. सततच्या उन्हाने त्यातली लवचिकता आणणारी द्रव्ये निघून जातात आणि कापड कडक होते. बंद गाडी उन्हात उभी राहिली तर आतले तापमान तासाभरात बाहेरच्यापेक्षा २० अंशांनी वाढू शकते, त्यामुळे उन्हाळ्यात रिकामी पिशवी मी डिकीत ठेवत नाही. ती धुऊन, तोंड खाली करून, पडवीतल्या खुंटीला टांगलेली असते.

मजुरीसह हिला १,४०० रुपये लागले. या पावसाळ्यात चिपळूणच्या तीन फेऱ्या झाल्या. प्रत्येक वेळी घरी आल्यावर मी स्टेपनीचे झाकण उचलून खाली हात फिरवला, आणि हात कोरडा निघाला. आता शेजारच्या मुलाच्या क्रिकेटच्या सामानासाठी अशीच पिशवी हवी आहे. नियमाप्रमाणे बॅटची लांबी ९६.५ सेंटिमीटरपर्यंत असू शकते, म्हणजे पिशवी मीटरभर लांब हवी, आणि तेवढी आमच्या डिकीत आडवी बसत नाही. त्या कारागीर काकांनी पुठ्ठ्याचा नमुना कापून दिला आहे. तो मी रविवारी मागची एक सीट पाडून गाडीत तिरका ठेवून पाहणार आहे.