पंचेचाळिशीत घेतलेला वाहन परवाना

सासूबाईंचे डायलिसिस सुरू झाले आणि घरात गाडी असूनही ती चालवणारे माणूस वेळेला घरी नसते, ही अडचण आम्हाला जाणवू लागली. यजमानांची नोकरी फिरतीची, आणि रात्री उशिरा ठाण्यात कासारवडवलीहून नौपाड्याकडे येण्याजाण्यासाठी रिक्षा मिळेलच याची खात्री नाही. त्यामुळे वयाच्या पंचेचाळिशीत मी गाडी शिकायचे ठरवले. परवाना कसा मिळाला हे सांगताना मी प्रत्यक्षात काय शिकले, त्यावरच अधिक लिहिणार आहे, कारण कागदपत्रांचा भाग मला वाटला होता त्यापेक्षा पुष्कळच सोपा निघाला.

शिकाऊ परवान्यासाठीचा अर्ज 'सारथी' या सरकारी संकेतस्थळावर भरता येतो. चाळिशी उलटलेली असल्यामुळे डॉक्टरांचे प्रमाणपत्र, म्हणजे नमुना १-अ, जोडावे लागले. आधार क्रमांकाच्या आधारे ओळख पटवून लेखी परीक्षाही घरी बसून देता आली. शिकाऊ परवाना ६ महिने चालतो आणि तो मिळाल्यापासून ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्या परवान्याची चाचणी देता येत नाही. या काळात पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' गाडीच्या पुढे-मागे लावायचा आणि परवानाधारक शिकवणारा शेजारी बसलेला असायचा, असा नियम आहे.

आमच्या परिसरातल्या मोटर ड्रायव्हिंग स्कूलमधल्या सरांनी पहिल्या दिवशी मला गाडी चालवूच दिली नाही. बसण्याची जागा, पट्टा आणि तिन्ही आरसे नीट करून घेतल्यावर ते खाली उतरले आणि म्हणाले, "ताई, मी गाडीभोवती चालतो. कुठल्याही आरशात दिसेनासा झालो की हॉर्न वाजवा." मागून ते उजव्या बाजूला आले, उजव्या आरशात मोठे होत गेले आणि मागच्या दाराजवळ आल्यावर एकदम नाहीसे झाले. मी मान वळवून पाहिले तेव्हा ते माझ्यापासून दोन हातांवर उभे होते. डाव्या बाजूला तर ते त्याहून जास्त वेळ दिसत नव्हते. आरसा खोटे बोलत नाही, पण सगळे सांगतही नाही, हे मला त्या दिवशी पक्के समजले. दुचाकी नेमकी त्याच जागेतून येत असते, म्हणून वळण्यापूर्वी आरसा पाहून शिवाय मान वळवायची सवय त्यांनी माझ्या अंगी बाणवली.

"आधी बघा, मग सांगा, मग वळा," हे त्यांचे वाक्य मी माजिवड्यापासून गायमुखपर्यंत प्रत्येक चौकात ऐकले आहे. यातला 'सांगा' हा भाग ठाण्याच्या रस्त्यांवर सर्वांत दुर्लक्षित आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. स्टिअरिंग फिरवता फिरवता लावलेला इंडिकेटर काहीच सांगत नाही, कारण मागच्याला ब्रेक दाबायला वेळच उरत नाही. वळायच्या बऱ्याच आधी तो लावला, तरच तो दुसऱ्याच्या उपयोगी पडतो. पाऊस लागला की चारही इंडिकेटर लावून गाडी चालवणारे अनेक जण मी पाहते. त्यांचा हेतू चांगलाच असतो, पण त्यामुळे गाडी उजवीकडे वळणार की डावीकडे, हे मागच्याला कळण्याचा मार्गच बंद होतो. पावसात पुढचे दिवे लावावेत, म्हणजे मागचेही आपोआप लागतात, आणि चारही इंडिकेटर बंद पडलेल्या किंवा धोकादायक जागी थांबलेल्या गाडीसाठी राखून ठेवावेत.

घोडबंदर रस्त्यावर शिकायचे म्हणजे अवजड वाहनांबरोबर शिकायचे. न्हावा शेवा बंदरातून गुजरातकडे जाणारे कंटेनर याच रस्त्याने अहमदाबाद महामार्गाला लागतात, आणि त्यात मेट्रो ४ च्या कामाने रस्त्याच्या मधला बराच भाग अडवून ठेवला होता. मला या ट्रकांची भीती वाटत असे. सरांनी एका रविवारी ओळखीच्या चालकाला विचारून मला उभ्या ट्रकच्या केबिनमध्ये चालकाच्या जागी बसवले आणि ते स्वतः ट्रकच्या डाव्या पुढच्या चाकाजवळ जाऊन उभे राहिले. मला ते दिसलेच नाहीत. समोरच्या बंपरला अगदी खेटून उभे राहिले तेव्हाही काचेतून नुसता पलीकडचा रस्ता दिसत होता. खाली त्यांचा आवाज येत होता आणि माणूस नव्हता. ट्रकवाला दुचाकीला मुद्दाम दाबतो, असे आपण सहज म्हणून टाकतो. पण सिग्नलला ट्रकच्या डाव्या बाजूने पुढे सरकलेला दुचाकीस्वार त्या उंच केबिनमधून दिसतच नसेल, तर डावीकडे वळताना चालक काय करणार? तेव्हापासून ट्रकच्या मागे असले की मी त्याचे आरसे शोधते. त्याच्या आरशात मला त्याचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही मी दिसत नाही, असे धरूनच मी चालते.

दुसरा धडा वाघबीळजवळ मिळाला आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सिग्नल नसलेल्या झेब्रा पट्ट्यांशी भाजीची पिशवी घेतलेल्या एक आजी उभ्या होत्या. मी आरसा पाहून लांबूनच ब्रेकला हलका पाय लावला, म्हणजे मागच्याला लाल दिवा दिसेल, आणि पट्ट्यांच्या अलीकडे थांबले. आजी काही पाऊल टाकेनात. मागून हॉर्न सुरू झाले. मी त्यांना "या, या" अशी खूण करण्यासाठी हात वर करणार, तोच सरांनी मला थांबवले. "तुम्ही थांबलात, पण डावीकडून येणारी मोटरसायकल थांबली का, हे तुम्हाला ठाऊक आहे का? तुमच्या हातावर विसंबून त्या निघाल्या तर?" खरोखरच त्याच क्षणी एक मोटरसायकल आमच्या डावीकडून पट्ट्यांवरून पुढे गेली. ती गेल्यावर आजींनी स्वतः दोन्हीकडे पाहिले आणि त्या सावकाश पलीकडे गेल्या. पादचाऱ्याला वाट द्यायची म्हणजे गाडी पूर्ण उभी करायची, मागे सरकत किंवा पुढे ढकलत राहायचे नाही, आणि निघण्याचा निर्णय त्याच्याकडे सोपवायचा. मागच्या हॉर्नांचे दडपण येते हे खरे, पण तेवढे ते सोसावे.

अंतराबाबतही सर असेच आग्रही होते. ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते, म्हणजे धोका दिसून पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंतच तीन गाड्यांच्या लांबीएवढे अंतर संपलेले असते आणि खरे थांबणे त्यानंतर सुरू होते. म्हणून पुढची गाडी एखाद्या खांबापाशी गेली की त्याच खांबाशी आपण पोहोचेपर्यंत किमान दोन सेकंद जायला हवेत, आणि ओल्या रस्त्यावर त्याच्या दुप्पट. मी विचारले, की ठाण्यात एवढी जागा सोडली तर तिथे लगेच रिक्षा शिरते, मग काय करायचे? "शिरू द्यायची आणि आपण पुन्हा मागे व्हायचे," असे ते म्हणाले. त्याने आपला जातो तो क्षणभराचा वेळ. पाण्याने भरलेला खड्डा किती खोल आहे हे वरून कळत नाही आणि पुढची दुचाकी तो चुकवायला कधी एकदम वळेल याचा नेम नसतो, त्यामुळे पावसाळ्यात या मोकळ्या जागेची किंमत मला रोज कळते.

चाचणीपूर्वी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १५ मी मुद्दाम वाचून काढला. उमेदवाराला काय काय जमले पाहिजे याची तिथे सविस्तर यादी आहे, आणि सिग्नल किंवा पोलीस नसलेल्या पट्ट्यांवर रस्ता ओलांडणाऱ्यांना प्राधान्य देणे, रस्त्याच्या व वाहतुकीच्या स्थितीप्रमाणे वेग ठेवणे या गोष्टी गिअर आणि क्लचइतक्याच स्पष्टपणे त्यात लिहिलेल्या आहेत. दुसऱ्याचा विचार ही कोणाची मेहेरबानी नसून परवान्याची अटच आहे, हे वाचून मला मनापासून बरे वाटले. मैदानावरच्या चाचणीत हे सगळे पाहणे अर्थातच शक्य नसते. मोटार वाहन निरीक्षकांनी मला चढावर थांबून गाडी मागे न घसरता पुढे काढायला लावली, रिव्हर्स घ्यायला सांगितले आणि हाताच्या खुणा विचारल्या. उजवा हात बाहेर काढून तळवा खाली ठेवून वर-खाली हलवणे म्हणजे वेग कमी करतो आहे, ही खूण मी इतकी घोकली होती की उत्तर लगेच दिले. पक्का परवाना पुढे पोस्टाने घरी आला.

आता सासूबाईंना मीच घेऊन जाते. रुग्णालयाभोवतीचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केला जातो, त्यामुळे तिथे हॉर्नला हात लावत नाही. कापूरबावडीच्या कोंडीत मागून रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला की आधी इंडिकेटर देऊन मगच बाजूला होते, कारण एकदम बाजूला झाल्याने शेजारची दुचाकी चिरडली जाऊ शकते. रुग्णवाहिकेची वाट अडवल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार १०,००० रुपये दंड आहे, पण डायलिसिसच्या खोलीबाहेर बसलेल्या माणसाला दंडाची आठवण करून द्यावी लागत नाही.

गायमुखच्या घाटात उतरताना दुसरा गिअर ठेवून ब्रेकवरचा भार कमी करणे मला दिवसा जमते. रात्री समोरून अपरचे, म्हणजे लांबवर पडणारे प्रखर दिवे आले की अजून अवघडल्यासारखे होते. त्यासाठी सरांकडे रात्रीचे आणखी काही तास मी लावले आहेत, आणि या वेळी यजमानही माझ्याबरोबर मागच्या सीटवर पट्टा लावून बसणार आहेत.