दिवाणातली कॅबरने

नाशिकच्या एका वायनरीत मी पंधराएक वर्षं जातोय, इतकी की टेस्टिंग रूममधला मुलगा आता मला रोझे वगैरे विचारतच नाही, थेट रिझर्व्ह कॅबरने, म्हणजे कॅबरने द्राक्षाची त्यांची खास लाल वाइन, काढतो आणि "सर, ह्या वेळची अजून खूप तुरट आहे हं" असं आधीच सांगून टाकतो. तुरट हा शब्द आपल्याकडे आहे हे किती बरंय. पहिल्यांदा गेलो तेव्हा ब्लॅककरंटचा वास येतोय का विचारलं होतं. आता ब्लॅककरंट म्हणजे आमच्यासाठी आइस्क्रीमचा फ्लेवर, फळ कुणी बघितलंय? मी आपलं जांभूळ म्हणालो. आणि खरंच, जांभळं खाल्ल्यावर जीभ आवळते ना, तेच. कॅबरनेचा मणी बारीक, साल जाड, त्यामुळे साल आणि बियांमधलं टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारं द्रव्य, भरपूर उतरतं, ते लाळेतल्या प्रोटीनला धरतं आणि तोंड कोरडं पडतं. पण हेच टॅनिन वाइनला टिकवतंही. वर्षानुवर्षं ते एकमेकांना आणि रंगाला चिकटत जातं, जड होऊन तळाशी बसतं, आणि वर उरते ती मऊ पडलेली वाइन.

किती वर्षं टिकते? 1976 साली पॅरिसमध्ये लेबलं झाकून टेस्टिंग झालं, त्यात कॅलिफोर्नियाची 1973ची कॅबरने फ्रान्समधल्या बोर्दोच्या दादा वाइनना मागे टाकून पहिली आली. आमच्या वाइन जरा मुरू द्या, मग बघा, असं फ्रेंचांचं म्हणणं. 2006 मध्ये त्याच वाइन पुन्हा चाखल्या, तर पहिल्या पाचही कॅलिफोर्नियाच्याच! पहिली आली ती 1971ची, म्हणजे पस्तीस वर्षांची.

हे वाचून मला चेव आला. एकाच वर्षाच्या सहा बाटल्या घ्यायच्या आणि दर डिसेंबरात एक उघडायची असं ठरवलं. आता वाइनला लागतं 12-13 डिग्री, अंधार, शांतता, आणि बाटली आडवी, म्हणजे बूच ओलं राहतं. आणि माझ्याकडे काय, तर कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर पश्चिमेची खोली. आमच्या काकांच्या नारायण पेठेतल्या वाड्यात मस्त तळघर होतं, मे महिन्यातही पाय गार पडायचे, पण तिथे आता बिल्डिंगचं पार्किंग आहे. म्हणून बाटल्या गेल्या दिवाणात, गोधड्यांच्या मध्ये. मे महिन्यात आत थर्मामीटर ठेवून बघितला तर 33! बायको म्हणाली, "अहो, ह्यापेक्षा लोणचं बरं, निदान रोज पानात वाढता तरी येतं."

पहिली बाटली म्हणजे निव्वळ शाई. दुसरी लक्षातच नाही, पाहुणे होते. तिसरी मात्र, काय सांगू, बाहेर दहा डिग्री थंडी, घरात मटणाचा रस्सा, आणि ग्लासात जांभळाबरोबर तंबाखूच्या पानासारखा, जुन्या लाकडी कपाटासारखा वास, तुरटपणा शेवटी जरासा, सुपारीएवढा. मी त्या रात्री फार बोललो म्हणे. चौथी होती भिंतीला लागून. उघडताना बूच अर्ध्यात तुटलं, उरलेलं आत ढकललं, चहाच्या गाळण्यातून सरबताच्या जगमध्ये ओतली. गाळण्यात चोथ्यासारखा काळपट जांभळा गाळ बसला, दिव्याखाली धरला तर चमकत होता. तो बघूनच मी खूष, पण वाइनला वास उकडलेल्या मनुकांचा. शिजली होती बिचारी. वायनरीला काय बोलणार, गुन्हा आमच्या भिंतीचा आणि माझ्या कंजूषपणाचा.

मग वाइन कूलर घेतला, छोटा, बारा बाटल्यांचा. 13 डिग्री हे तापमान घरात इतकं लोकप्रिय होईल असं वाटलं नव्हतं. मुलीची चॉकलेटं आली, आणि एकदा लग्नाच्या आदल्या दिवशी मोगऱ्याचे चार गजरे, पानात गुंडाळलेले. पाचवी बाटली उघडली तेव्हा मेव्हण्याने डोळे मिटून वास घेतला आणि म्हणाला, "फुलांचा येतोय, नाजूक." बूच लावलेल्या बाटलीत मोगरा कसा शिरेल? त्याच्या ग्लासच्या शेजारी बायकोचा अंबाडा होता. मी काही बोललो नाही. तशी पाचवी चांगलीच होती, पण तिसरीसारखी नाही, जरा थकलेली, कडेला विटकरी रंग यायला लागलेला. उन्हाळे तिनेही दिवाणातच काढले होते ना.

आता राहिलीये सहावी. उघडावी तर उरणार काहीच नाही, ठेवावी तर रोज एक दिवस उतरतीकडे, असं माझं चाललंय. त्यात गुरुवारी मेंटेनन्सला लाइट जाते. तीन तास, कधी पाच. कूलरचं दार उघडायचं नाही अशी घरात सक्त ताकीद आहे, वर मी एक गोधडीही टाकतो, तीच दिवाणातली. लाइट आली की आधी पंखा फिरतो, मग फ्रिज घरघरतो, आणि सगळ्यात शेवटी, मिनिटभराने, तो कूलर. तोवर मी पेपर धरून बसलेला असतो, वाचत काही नसतो.