कोकणकड्यावर अडकलेला रन

मुंबईतला २६ जुलै २००५चा पाऊस हवामानाच्या संगणकी मॉडेलमध्ये पुन्हा पाडून पाहायचा होता. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर, आणि वीस-पंचवीस किलोमीटर दक्षिणेला कुलाब्याला जेमतेम ७३. डब्ल्यूआरएफ या मॉडेलचे दोन डोमेन, म्हणजे एकात एक बसणारी क्षेत्रं, घेतले, बाहेरचा ९ किलोमीटरच्या चौकटींचा, आतला ३च्या. सुरुवातीची स्थिती ईआरए-५ या जुन्या हवामानाच्या जागतिक माहितीसंचातल्या दहा मेंबरांची, म्हणजे थोड्याथोड्या वेगळ्या दहा आवृत्त्यांची, आणि सीमेवरची माहितीही ज्याची त्याला. सीमा सगळ्यांना एकच दिली, तर एवढ्या लहान क्षेत्रात बाहेरून येणारा वारा दहाही रनना, म्हणजे मॉडेलच्या फेऱ्यांना, लवकरच एका वळणावर आणतो.

पहिलाच मेंबर मध्येच बंद पडला. लॉगमध्ये सीएफएलच्या, म्हणजे वाऱ्याने गणिताची मर्यादा ओलांडल्याच्या इशाऱ्यांच्या, ओळींची रांग लागली होती. त्यांतले ग्रिडचे क्रमांक नकाशावर टाकले, तर सगळे हरिश्चंद्रगडाच्या आसपास, घाटाच्या कडेला. कोकणकड्यापाशी शेजारच्या दोन चौकटींच्या उंचीत शेकडो मीटरचा फरक पडतो. तिथे वर उसळणारा वारा एका टाइमस्टेपमध्ये, म्हणजे गणिताच्या एका पावलाच्या वेळात, मॉडेलमधल्या हवेच्या थराच्या जाडीपेक्षा जास्त अंतर कापतो आणि गणित फुटतं. अशा वेळी डोंगर गुळगुळीत करून टाकायचा मोह होतो. मला ते अजिबात पटत नाही, कारण सह्याद्री बोथट झाला की घाटातला पाऊसच घटतो. बाहेरचा टाइमस्टेप ५४ वरून ३६ सेकंदांवर आणला, त्याबरोबर आतला १८चा १२ झाला, आणि एप्सएसएम, म्हणजे उभ्या ध्वनिलहरी दाबणारं सेटिंग, ०.५ केलं. रनला दीडपट वेळ लागला, पण तो पार पडला.

आतल्या डोमेनमध्ये क्युम्युलस स्कीम, म्हणजे चौकटीत न मावणाऱ्या लहान ढगांचा पाऊस अंदाजाने धरणारं सूत्र, बंदच होती. ३ किलोमीटरवर मोठे ढग मॉडेल स्वतः घडवतं. स्कीम चालू राहिली तर ती अस्थिरता आधीच खर्च करते आणि मुसळधारेऐवजी सगळीकडे रिपरिप दिसते.

बेरजेतही हमखास चूक होते. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ, म्हणजे यूटीसी या जागतिक वेळेनुसार ०३ ते ०३. मॉडेलचा पाऊस साठत जातो, त्यामुळे २७ तारखेच्या ०३च्या आकड्यातून २६च्या ०३चा वजा करायचा. रन २५ला १२ यूटीसीला सुरू केला होता, म्हणजे ढग जमायला लागणारे पहिले १५ तास आपसूक बेरजेबाहेर राहिले.

दहा नकाशे शेजारी मांडले, तर पावसाचा पट्टा प्रत्येकाचा वेगळ्या जागी, कुणाचा वसईवर, कुणाचा अलिबागसमोर समुद्रात. इथे सरासरी घेणं घातक. दहा जणांनी दहा ठिकाणी ५०० मिलिमीटर पाडला, तर सरासरीत त्या दहाही ठिकाणी ५० उरतात, आणि जुलैत ५० मिलिमीटरला कुणीच घाबरत नाही. म्हणून प्रत्येक चौकटीभोवती २५ किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ घेतलं. त्यात साधारण २१८ चौकटी बसतात. त्यांतल्या एकीत तरी २०४.५ मिलिमीटर, म्हणजे खात्याच्या सर्वांत वरच्या वर्गाची मर्यादा, गाठली गेली का, एवढंच प्रत्येक मेंबरला विचारलं. दहांपैकी जितके 'हो', तितकी शक्यता.

अडचण एकच. सांताक्रूझभोवतीच्या वर्तुळात कुलाबाही येतो, त्यामुळे या नकाशावर दोन्हीकडे जवळपास सारखीच टक्केवारी दिसते. म्हणून टक्केवारीच्या शेजारी त्रिज्याही ठळक छापली.