टेक्सासच्या कापसाची वात

परभणीला येऊन आज नऊ दिवस झाले. रोज संध्याकाळी अण्णा ओसरीवर सतरंजी टाकतात आणि म्हणतात, "हां माय, काल कुठवर आलो होतो आपण?" मग मी नकाशे उलगडते. वैमानिक वापरतात ते कागदी नकाशे आहेत हे, एका सेंटिमीटरला पाच किलोमीटर. असे आठ नकाशे एकापुढे एक ठेवले की नॉर्थ कॅरोलायनाच्या समुद्रापासून कॅलिफोर्नियाच्या समुद्रापर्यंतची आमची वाट पुरी होते. ओसरी पुरत नाही, दोन नकाशे अंगणात जातात. त्यांच्यावर आई ज्वारी पाखडायचं सूप वजन म्हणून ठेवते.

गेल्या दिवाळीत मी आणि माझा नवरा आमच्या छोट्या विमानातून हे अंतर पार करून लेकीकडे सॅन दिएगोला गेलो. फोनवर दोन-तीनदा सांगितलं होतं, पण एक्याऐंशी वर्षांच्या माणसाला ते फोनवर कसं कळावं? त्यांना वाट बघायची होती, बोट ठेवून.

विमान सेसना १७२ आहे, १९७८ सालचं. इंजिन १६० हॉर्सपॉवरचं, समोर एक पंखा, आत चार जागा. माणसं, सामान, पेट्रोल आणि विमान मिळून २३०० पौंड म्हणजे साधारण १०४३ किलोच्या वर वजन नेता येत नाही. ताशी दोनशे किलोमीटर जातं, समोरून वारा असेल तर त्याहून कमी. आणि पश्चिमेकडे जाताना वारा बहुतेक समोरूनच असतो. मी विमान चालवायला शिकले त्रेचाळिसाव्या वर्षी. अमेरिकेत खासगी परवान्याला किमान ४० तासांचं उड्डाण लागतं, मला एकाहत्तर लागले. नवरा मूळचा सेलूचा. तो विमान चालवत नाही. तो नकाशा धरतो, घड्याळ बघतो, पेट्रोलचा हिशेब वहीत लिहितो. त्या वहीशिवाय मी लांबच्या प्रवासाला निघणार नाही, कारण या विमानाच्या पेट्रोलच्या काट्यांवर कोणीच शहाणा वैमानिक भरवसा ठेवत नाही. तासाला साधारण आठ गॅलन, म्हणजे तीस लिटर जातं. किती वाजता निघालो, किती मिनिटं झाली, यावरूनच टाकीत काय उरलं ते ठरतं.

निघायच्या आदल्या रात्री घरातल्या वजनकाट्यावर सगळं ठेवलं. कपडे, पाण्याच्या बाटल्या, तंबू, इंजिन ऑइल. फराळाचा डबा सहा किलो भरला. एक गॅलन पेट्रोल म्हणजे पावणेतीन किलो, तेव्हा सहा किलो फराळ म्हणजे पाव तासाचं उड्डाण. नवऱ्याने ते वहीत मांडलं आणि दुसऱ्या बुटांचा जोड गाडीत परत ठेवून आला. फराळ विमानात गेला. कारळाची चटणी आणि धपाटे वेगळे, ते मांडीवर.

सुरुवात मुद्दाम किल डेव्हिल हिल्सहून केली. १७ डिसेंबर १९०३ ला राइट बंधू जिथे उडाले त्या वाळूला लागूनच आता ३००० फुटांची धावपट्टी आहे. तिथे पेट्रोल मिळत नाही, कर्मचारी नसतात. विमान उभं करायचं आणि चालत मैदानावर जायचं. त्या दिवशीच्या चारही उड्डाणांच्या शेवटी एकेक दगड रोवलेला आहे. पहिलं उड्डाण १२ सेकंदांचं, १२० फूट. चौथं ५९ सेकंद, ८५२ फूट. पहिल्या दगडापर्यंत आम्ही दोघं चालत गेलो तर चाळीस-पंचेचाळीस पावलं झाली. अण्णांना सांगितलं, आपल्या वाड्याच्या दारापासून मारुतीच्या पारापर्यंत. ते उठून दारापाशी गेले आणि पाराकडे बघत उभे राहिले. "एवढंच?" म्हणाले. "एवढ्यावरून सुरू झालं व्हय."

अ‍ॅपलाशियन डोंगर आम्ही दक्षिणेकडून वळसा घालून टाळले. जॉर्जिया, अलाबामा हे दोन दिवस जंगल, जंगल आणि मधे एखादं तळं. मला ढगात उडायचा परवाना नाही, जमीन दिसली पाहिजे. मिसिसिपी राज्यात ढग हजार फुटांवर उतरले तेव्हा दीड दिवस एका गावात बसून राहिलो. अशा छोट्या विमानतळांवर एक जुनी गाडी ठेवलेली असते, किल्ली आत. कोणीही वैमानिक घेऊन जातो, येताना पेट्रोल टाकून आणतो. नाव विचारत नाहीत की पैसे मागत नाहीत. मला ही गोष्ट फार आवडते.

ढग उठल्यावर सकाळी मिसिसिपी नदी ओलांडली, साडेचार हजार फुटांवरून. नदीपेक्षा तिने टाकून दिलेली वळणं जास्त बघत राहिले. पूर्वी नदी जिथून वाहत होती तिथे आता चंद्रकोरीसारखी तळी आहेत, काठाकाठाने शेतं वाकलेली आहेत. नदी निघून गेली तरी नांगर तिच्याच रेषेने चालतो. नवरा हेडसेटमधून म्हणाला, "गंगाखेडला गोदावरी वरून अशीच दिसत असेल का गं?" मला सांगता आलं नाही. मी जगातल्या कितीतरी नद्या वरून बघितल्या, आपली गोदावरी अशी वरून कधीच बघितली नाही.

हेडसेटबद्दल थोडं सांगायला हवं. इंजिनाच्या आवाजात त्याशिवाय बोलता येत नाही. त्यामुळे शेजारी बसलेला नवरा थेट कानात बोलतो. तीन-तीन तास दुसरं कोणी नाही, फोन नाही, मधूनच कंट्रोलरचा आवाज. सव्वीस वर्षांच्या संसारात आम्ही कधी बोललो नव्हतो अशा गोष्टी अर्कांसॉवर बोललो. त्याच्या वडिलांनी सेलूचं दुकान विकलं त्या वर्षाबद्दल तो पहिल्यांदा बोलला. मी दिशा धरून होते, त्याच्याकडे बघता येत नव्हतं. कदाचित म्हणूनच त्याला बोलता आलं.

मग टेक्सास. डॅलसच्या उत्तरेने पुढे गेलं की जमीन लाल होते, ओढ्यांनी फाटलेली, आणि एका ठिकाणी अचानक पायरी चढते. वर आलं की ताटासारखं सपाट पठार. त्याला लानो एस्ताकादो म्हणतात. समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांवर, आणि नजर जाईल तिथवर कापूस. मी साडेसहा हजारांवर होते. ऑक्टोबरची पराटी पानं टाकून पांढरी झाली होती. मानवतच्या बाजाराला अण्णांबरोबर बैलगाडीत कापसावर बसून गेलेली मी, माझ्या डोळ्याला पाणी आलं.

त्या पांढऱ्यात गोल होते. मोठमोठे, कंपासने काढल्यासारखे. मधे बोर, बोरवरून निघालेला चाकांवरचा लांब पाइप, तो घड्याळाच्या काट्यासारखा फिरत पाणी देतो. फ्रँक झायबाख नावाच्या कोलोरॅडोच्या एका शेतकऱ्याने हे यंत्र शोधलं, १९५२ साली त्याचं पेटंट मिळालं. एकशे साठ एकराच्या चौकोनात साधारण सव्वाशे एकराचा गोल बसतो, चार कोपरे कोरडे राहतात. उंचावरून बघताना लक्षात आलं की सगळे गोल सारखे नाहीत. काही पुरे हिरवे-पांढरे, काही अर्धेच पेरलेले, काहींचा नुसता वण उरलेला.

अण्णांनी इथे बोट थांबवलं. "पाणी किती फुटावर हाय तिथलं?"

विमानाबद्दल जगभराच्या लोकांनी मला प्रश्न विचारले, भीती वाटते का, खर्च किती. हा प्रश्न परभणी जिल्ह्यातल्या माणसानेच विचारावा.

तिथल्या पाण्याची गोष्ट मला ठाऊक होती, कारण तिथे आम्ही अडकलो. सकाळी निघण्याआधी इंजिन मिनिटाला १७०० फेऱ्यांवर नेऊन दोन्ही मॅग्नेटो, म्हणजे प्लगला ठिणगी देणारी यंत्रं, तपासतात. चार सिलिंडर, प्रत्येकाला दोन प्लग, आणि दोन मॅग्नेटो, म्हणजे एक गेला तरी इंजिन चालू राहावं. एक बंद केला की फेऱ्या थोड्या पडतात, सव्वाशेपर्यंत पडलेल्या चालतात. आमच्या डाव्या मॅग्नेटोवर अडीचशे पडल्या आणि इंजिन थरथरलं. प्लगवरची काजळी जळावी म्हणून पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ करून चालवून बघितलं. फरक नाही. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन होतं, लेकीने स्वयंपाक योजला होता, आणि नवरा म्हणाला, "उजवा चांगलाय ना? पुढच्या मोठ्या विमानतळापर्यंत जाऊ." तो असं कधी म्हणत नाही. मी इंजिन बंद केलं. घाईने जितके वैमानिक गेलेत तितके वादळांनी गेले नसतील असं मला मनापासून वाटतं. विमानतळाच्या मेकॅनिकने मॅग्नेटो उघडला, आतला भाग मागवावा लागणार होता. दोन दिवस. नवरा तासभर गप्प होता. मग त्यानेच लेकीला फोन केला आणि सांगितलं, "आईचंच बरोबर आहे."

त्या दोन दिवसांत विमानतळावर चहा-कॉफीला येणारे एक म्हातारे शेतकरी आम्हाला त्यांच्या शेतावर घेऊन गेले. चार-पाच एकर नव्हे, मैलच्या मैल. वेचणीला एक यंत्र आणि एक माणूस. ते यंत्र बोंडासकट सगळं ओरबाडून घेतं, कचरा पुढे जिनिंगमध्ये निघतो. वेचलेल्या कापसाच्या माणसाहून उंच गोल गाठी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून शेतातच पडलेल्या. मी त्यांना पाण्याचं विचारलं. त्यांच्या वडिलांच्या वेळी एका विहिरीवर एक गोल चालायचा. आता तीन विहिरी मिळून एक गोल चालत नाही. खाली ओगलाला नावाचा पाण्याचा साठा आहे, साउथ डकोटापासून टेक्सासपर्यंत आठ राज्यांखाली पसरलेला, आणि या दक्षिण टोकाला वरून पाणी मुरतं त्याच्या कितीतरी पट उपसलं जातं. "नातू कोरडवाहू करील," ते म्हणाले. त्यांनी इंग्रजीत सांगितलं, मला ते कानात मराठीतच ऐकू आलं. आमच्या चारीच्या टेलला जायकवाडीचं पाणी पोचेपर्यंत हंगाम निघून जातो, म्हणून अण्णांनी चार बोर घेतले. शेवटचा सातशे फूट. त्यातून धूळ आली तेव्हा मी दहावीत होते.

लक्ष्मीपूजन मोटेलच्या खोलीत केलं. त्या आजोबांनी दिलेली चार बोंडं होती. सरकी काढली, कापूस पिंजला आणि मांडीवर वळून वाती केल्या. दुकानातून ऑलिव्ह तेल आणलं, कपाची बशी पणती झाली. फराळ होताच. दोघंच होतो. इतकी भरलेली दिवाळी मला आठवत नाही.

पाडव्याला पहाटे निघालो. ग्वादालूपेचे डोंगर सकाळीच ओलांडायचे असतात, दुपारी तिथला वारा छोट्या विमानाला पाखडतो. शिखर ८७५१ फूट, टेक्सासमधलं सर्वांत उंच, आणि आम्ही ८५०० वर. ते उजव्या पंखाशी आलं तेव्हा वर बघावं लागलं. पुढे एल पासो, मग हायवेच्या कडेकडेने वाळवंट, टूसॉनला मुक्काम. भाऊबीजेच्या दुपारी सॅन दिएगो. एकूण सव्वीस तास उड्डाण, आठशे लिटरच्या आसपास पेट्रोल. लेक कुंपणापाशी उभी होती.

अ‍ॅरिझोनाचा नकाशा काल दाखवला. तिथेही कापूस आहे, आणि तिथली एक गोष्ट मला अण्णांना सांगायचीच होती. २०१७ ला गुलाबी बोंडअळीने आपल्याकडे काय केलं ते सांगायला नको, अण्णांनी उभ्या पराटीत नांगर घातला होता. त्याच्या पुढच्याच वर्षी, २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये, अमेरिकेने आपल्या कापसातून ही अळी संपल्याचं जाहीर केलं. नुसत्या बीटी बियाण्याने ते झालं नाही. प्रयोगशाळेत बोंडअळीचे पतंग वाढवून ते निर्बीज केले आणि वर्षानुवर्षं छोट्या विमानांतून शेतांवर सोडले. रानातल्या पतंगांचा जोडा त्यांच्याशी जमला की अंडी फुकट जायची. पतंग सोडणाऱ्या त्या वैमानिकांचा मला हेवा वाटतो.

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. "मग आपल्याकडं का न्हाई सोडत?" त्यांना दोन-दोन एकरांचे तुकडे, कोट्यवधी शेतकरी, जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत ठेवलेली कापसाची फरदड, सगळं मी सांगत गेले. त्यांना ते माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

सरकी आणता येत नाही, म्हणून मी मोटेलमधली उरलेली एक वात तेवढी पाकिटात ठेवली होती. काल ती दिली. त्यांनी अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून ती उकलली, धागा ओढला, पुन्हा ओढला, दिव्याकडे धरला.

"आखूड हाय," म्हणाले. मग आईकडे दिली, आणि आईने ती पुन्हा वळून देवघरात लावली.

तेवढ्यात गल्लीत कोणीतरी ओरडलं. रानातली थ्री-फेज लाईट आली होती, गव्हाला पाणी द्यायचं होतं. अण्णांनी नकाशा भलत्याच घडीवर दुमडला, बॅटरी घेतली आणि चपला शोधू लागले. नवराही त्यांच्यामागे निघाला, वही खिशात घालून.