खुळखुळ्यावरचा सुरवंट

आज खुळखुळ्याच्या पिवळ्या फुलावर एक सुरवंट दिसला. कडेकडेने पाकळी कुरतडत होता. माझी सावली पडली तरी हलला नाही.

आधी मला नुसते केसच दिसले. मग उकिडवी बसले आणि नीट बघितलं. पुढे खऱ्या पायांच्या ३ जोड्या, मागे मांसल पायांच्या ५. सॉफ्लाय (गांधीलमाशीच्या नात्यातला कीटक) याची अळीही सुरवंटासारखीच दिसते, पण तिला या मागच्या जोड्या ६ किंवा जास्त असतात, तेव्हा ती शंका मिटली. पाठीवर टसॉक मॉथ या पतंगाच्या अळीसारखे दाट झुपके नव्हते. केस विरळ, अंग काळसर, त्यावर पांढऱ्या रेघा आणि नारिंगी ठिपके. आणि झाड खुळखुळ्याचं! म्हणजे बहुतेक युटेथिसा नावाचा पतंग, टायगर मॉथ या पतंगांच्या कुळातला.

खुळखुळ्यात अल्कलॉइड नावाचे विषारी पदार्थ असतात. गुरांना ते बाधतात, पण ही अळी तेच खाऊन अंगात साठवते. पतंग झाल्यावरही ते विष अंगात राहतं आणि खाणारे त्याला टाळतात. केवढी विलक्षण गोष्ट आहे ही!

हात अजिबात लावला नाही. काही सुरवंटांच्या केसांनी अंगावर पुरळ उठतं, ते बोटाने तपासायचं नसतं. फोटोत मात्र पानं, फूल, शेंगा सगळं घेतलं, कारण अर्धी ओळख झाडानेच पटवली.

उद्या पुन्हा जाणार आहे, तो शेंगेत शिरलाय का बघायला.